पितर परतायच्या आत

१४ जानेवारी, शनिवार

चुनीरी आज बद्द वाजली. मुर्झाने उन्हाळ्यात मेस्तियाला जाताना भिंतीला टांगली ती तशीच आहे — केर काढताना माझा हात लागला आणि तार हलली. फुटक्या मडक्यासारखा आवाज! सासूबाई चुलीपाशी लोकर विंचरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कातडं सैल पडलं. हिम येतंय." मी म्हटलं, बाहेर लख्ख ऊन आहे. "असू दे की. ऊन काय जाताना सांगून जातं?"

मी शाळेत भूगोल शिकवते. हवेचा दाब, ढगांचे प्रकार, सगळं फळ्यावर काढून दाखवते. आणि घरी हवामान सांगतं कोण, तर माझ्या भावाच्या वाद्याचं कातडं! एकदा तरी चुकलं असतं तर बरं वाटलं असतं.

आज जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. कुब्दारी केल्या. सारणात मांस कमी, कांदा जास्त. अंझोर पोटभर खाऊन म्हणाला, "कांद्याची भाकरी झकास झालीये." माझा नवरा म्हणजे हा असा.

१५ जानेवारी

अंझोर गाडी घेऊन खिंडीपलीकडे मेस्तियाला गेला. पीठ, रॉकेल, सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायच्यात. मेंढीच्या कातड्याचा कोट अंगात घाल म्हटलं, तर म्हणे गाडीत हीटर आहे, आणि कोट मागच्या सीटवर भिरकावला. खरं कारण मला माहीत आहे. डावी बाही उसवली होती ती मी लाल दोऱ्याने शिवली — काळा दोरा संपला होता, मी काय करू? तेव्हापासून गाव त्याला 'जखमी अस्वल' म्हणतं. लाज वाटते साहेबांना!

१६ जानेवारी

फोन आला. तिकडे पडायला लागलंय. आवाज सारखा तुटत होता.

परवा संध्याकाळी पितर येणार. पुढच्या सोमवारपर्यंत घरात मुक्काम. दारात मशाल धरून त्यांना आत घ्यायला घरचा पुरुष लागतो. म्हटलं, उद्याच निघ. "निघतो गं. त्यांच्या आधी पोचतो. ते पायी येतात, माझ्याकडे गाडी आहे!"

मुर्झाला बरोबर आण म्हटलं. तर तो येत नाही! स्कीच्या पाळण्यावर नोकरी लागलीये, हंगाम आहे, साहेब सोडत नाही. मग मीही सोडलं नाही. म्हटलं, त्याला माझा निरोप सांग. खालच्या वाडीतलं आपलं घर कुलूपबंद आहे. आई-बाबा इतक्या लांबून येऊन बंद दाराशी उभे राहतील. मी लग्न करून या घरची झाले, मला तिथे मशाल धरता येत नाही. मुलगा एकच, तो तू. अंझोर म्हणाला, "सांगतो, पण तो कसला ऐकतोय! कालच म्हणत होता, मेलेल्यांना माझ्या सुट्टीची काय पर्वा." आणि हसला. तेवढ्यात फोन तुटला.

मुर्झा लहानपणापासून असाच. अख्ख्या खोऱ्यात त्याच्यासारखी चुनीरी कोणी वाजवत नाही, आणि गरज पडली की हा कधी जागेवर नाही!

१७ जानेवारी

बर्फ पडतंय म्हणणं चूक — आडवं येतंय. समोरचा दगडी बुरूज दिसत नाही. दिवे गेले. फोनचा मनोराही गेला. शाळा बंद. छपरावरचं बर्फ मी आणि सासूबाईंनी मिळून खाली ओढलं, चहा घेऊन बघतो तो पुन्हा तेवढंच. गोठ्यापर्यंत चर खणला, परत येईतो बुजला. गाय भेदरलीये. पान्हा चोरते.

अंझोर निघाला असेल का? शहाणा असेल तर नाही. शहाणा आहे का, हाच प्रश्न आहे.

१८ जानेवारी, बुधवार

पितर आले. अंझोर आला नाही.

अंधार पडेतो वाट बघितली. मग सासूबाईंनी स्वतःच मशाल पेटवली. म्हटलं, अहो, पुरुष लागतो. "पुरुष कशाला? तुझ्या सासऱ्याला मी ओळखते, तो मला ओळखतो. मधे आणखी कोण हवंय?" आणि त्या वादळात दार उघडून उभ्या राहिल्या. ऐंशीला टेकलेली बाई! वारा मशाल विझवायला बघतोय आणि या एकेकाचं नाव घेऊन आत बोलावताहेत — सासरे, आजेसासरे, लहानपणी गेलेली नणंद. "या, पाय झटका, आत या. गारठलात ना?" मला एरवी यातलं फारसं पटत नाही. पण आज अंगावर काटा आला.

जेवण रीतीप्रमाणे. घुगऱ्या, चीज, रोट, अरक दारूचे पेले. वाफ जाईपर्यंत थांबायचं, पितरांना चटका बसतो. टेबलावर सुरी ठेवायची नाही. मोठ्याने बोलायचं नाही. प्रत्येकाच्या नावाचा पेला मांडून झाला आणि सासूबाईंच्या हातात एक पेला उरला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तो कोणाचा?" मी विचारलं.

त्यांनी तो फडताळात परत ठेवला.

१९ जानेवारी

अजून पडतंय. तो मेस्तियात अडकलाय. मुर्झाच्या खोलीवर पत्ते खेळत बसले असतील दोघं. आल्यावर बघते एकेकाला!

२० जानेवारी

बर्फ थांबलं. सकाळी शेजारच्या माकवालाचा गोठा बसला. वासे काडीसारखे मोडले. दोन गाई आत. एकीचा आवाज बराच वेळ येत होता. आम्ही सगळ्या बायका फावडी घेऊन लागलो होतो. पोचलो तोवर आवाज बंद झाला.

दुपारी खालच्या वाडीतला रेझो बर्फाचे जोडे बांधून वर आला. मला बघून थांबला. पुढे येईना. तेव्हाच कळलं.

खिंडीच्या अलीकडे, काळ्या घळीत, हिमकडा कोसळलाय. गाडी रस्त्यावरून खाली नदीकडे ढकलली गेलीये. वरच्या रस्त्यावरून दिसतही नाही; हे लोक नदीकाठाने पाडस शोधत गेले म्हणून एक चाक दिसलं. खणलं. पुढचं दार उखडून गेलेलं. आत कोणी नाही. सीटवर कोट होता. रेझोने पिशवीतून काढून माझ्या हातात दिला.

लाल दोरा.

खिशात सिगारेटी आणि त्याचा फोन.

२१ जानेवारी

मी म्हणते, दार उखडलंय म्हणजे तो बाहेर पडला असेल. कोट टाकून कोणी का उतरेल, असं सगळे म्हणतात. घाईत उतरला असेल! वर चढला असेल, कुठल्या तरी मेंढपाळाच्या झोपडीत असेल. सगळे मान हलवतात. ती मान हलवणं मला ओळखता येतं. गाडीखालीच नदी आहे, वर बर्फाची साय, आत धो धो पाणी. ती माणूस वसंताशिवाय परत देत नाही.

हिमकड्याखाली माणूस किती वेळ तग धरतो ते मीच मुलांना शिकवते. इथे लिहीत नाही.

सासूबाई आणि मी. भांडण म्हणू की काय म्हणू? त्या रडत नाहीत याचाच राग येतो मला. पितरांसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून दोघी कुजबुजत भांडलो!

"सोमवारी ते निघतील," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत अंझोरला घरी आणू. मग बाप त्याला हात धरून नेईल. नाही आणला तर तिथेच राहील. त्या घळीत. वर्षभर, एकटा."

"तो मेलेला नाही."

"मग कुठाय?"

"तुम्हाला एवढी घाई कसली झालीये? मुलगा जड झाला होता का?"

बोलून गेले. त्यांनी चुलीतलं लाकूड नीट केलं, मग म्हणाल्या, "मी पोटात वागवला त्याला, फाती. तो थंडीत उभा आहे हे तुला सांगावं लागतं. मला नाही लागत."

वाट चुकून, कड्यावरून पडून, हिमाखाली गेलेला माणूस आपणहून घरी येऊ शकत नाही. गोंधळलेला असतो. जिथे गेला तिथेच उभा राहतो. त्याला आणायला जायचं — कोंबडा घेऊन, चुनीरी घेऊन, घरच्या बाईने नावाने हाक मारायची. लहानपणापासून बघत आलेय. दुसऱ्यांसाठी गेलेय. माझ्यावर ही वेळ येईल असं कधी मनात आलं नव्हतं. मी हाक मारली म्हणजे मीच त्याला मेलेला ठरवला. मी नाही करणार!

संध्याकाळी कांदिद काका आले. गावातले सगळ्यात म्हातारे. गुडघ्यांची कुरकुर करत बसले, अरक मागितला, मग म्हणाले, "सूनबाई, एवढा विचार करू नकोस. सोपं आहे. माणूस तिथे असेल तर कोंबडा आरवतो. नसेल तर नाही आरवत. नाही आरवला तर परत येऊ, कोंबडा कापून खाऊ आणि अंझोर आला की त्याला सांगून हसू."

मी हो म्हटलं. कोंबडा आरवणार नाही म्हणून हो म्हटलं.

२२ जानेवारी, रविवार

उजाडताच निघालो. आठ-दहा जण, एकामागून एक, पुढच्याच्या पावलात पाऊल. कोंबडा माझ्या शालीत. छातीशी ऊब लागत होती. चुनीरी मुर्झाचीच, भिंतीवरची. कांदिद काकांनी ती कोटाच्या आत धरली होती. वाटेत कोणीतरी बोललंच, "मुर्झा हवा होता." आतून जळत होते. बहिणीचा नवरा गेला आणि हा कुठाय? खिंड बंद आहे हे कळतं मला. पण माणसं डोंगर चढून येतात! त्याच्या वयाचा असताना अंझोर माझ्यासाठी फेब्रुवारीत खिंड चढून आला होता, नुसता तोंड दाखवायला.

घळ ओळखूच येत नाही. देवदारं मुळासकट आडवी, बर्फ काळं, दगडगोट्यांनी भरलेलं. गाडी म्हणजे एक चाक आणि टपाचा कोपरा. खाली नदीचा आवाज. वर बघवत नव्हतं, अजून अर्धा कडा तिथेच लटकतोय. रेझो म्हणाला, "पटपट आटपा."

काकांनी वाजवायला घेतलं. बोटं बधिर, तार बद्द. मी हाक मारली.

"अंझोर! चल घरी. तुझे सगळे जमलेत. चल."

एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा.

कोंबडा गप्प. मी त्याला बर्फावर ठेवला तर एक पाय वर घेऊन उभा राहिला, माझ्याकडे तिरकं बघत. काका वाजवताहेत. एक चाल झाली, दुसरी झाली. जाणत्या सगळ्या चाली झाल्या. कोंबडा गप्पच! माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आणि माझ्या पोटात — लिहायला लाज वाटते — हसू उकळायला लागलं. नाही इथे! जिवंत आहे! मनातल्या मनात त्या कोंबड्याला म्हटलं, तुला म्हातारा होईपर्यंत सांभाळीन. कापणार नाही, कोणाला कापू देणार नाही.

काका थांबले. बोटांवर फुंकर मारली. म्हणाले, "एकच राहिली. त्या मुर्झ्याने उन्हाळ्यात शिकवलेली. तीच काय ती धड येते मला." मुर्झाची चाल — तीच, तो अंगणात बसून सारखी वाजवायचा ती, शेवटी उगाच लांबवलेल्या स्वराची. ती अर्धी झाली असेल नसेल.

कोंबडा आरवला.

मान ताठ करून, पंख झटकून, मोठ्याने. दोनदा. मी खाली बसले. कोणी तरी मला उचललं, कोणी ते आठवत नाही.

परतताना मागे वळून बघायचं नाही. वाजवणं थांबवायचं नाही. काका दारापर्यंत तीच एक चाल वाजवत आले, बोटांतून रक्त येईतो. सासूबाई दारात मशाल घेऊन उभ्या. "ये रे माझ्या राजा. पाय झटक. ये आत."

फडताळातला पेला मी काढून मांडला. माझ्या हाताने.

जेवताना मी त्याच्याशी बोलले. मोठ्याने बोलायचं नाही, पण बोलले. घराचं सगळं सांगितलं, गाईचं, छपराचं, हीटरच्या भरवशावर कोट न घातल्याबद्दल रागावले. आणि म्हटलं, बघितलंस माझ्या भावाला? तुझ्यासाठी वाजवायला आला नाही. आई-बाबा बंद दाराशी उभे आहेत, त्यांच्यासाठी आला नाही. मेला मला तो. या घरात पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही त्याला!

२३ जानेवारी, सोमवार

पितर गेले. सासूबाईंनी मशाल घेऊन फाटकापर्यंत पोचवलं. "सांभाळून जा. नव्या माणसाला मधे घ्या."

आत येऊन मशाल विझवली. मग म्हणाल्या, "अंझोर एवढा मुखदुर्बळ कधी नव्हता गं. रात्रभर मी बोलावत होते, एक शब्द नाही. पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून होता."

मी म्हटलं, थकला असेल.

काळे कपडे पेटीतून काढून घातले. आईच्या वेळचेच. कमरेला सैल झालेत.

२४ जानेवारी

एक हेलिकॉप्टर खोऱ्यावरून गेलं, वळलं, परत गेलं. मेस्तियात अडकलेल्या पर्यटकांसाठी असेल. खालच्या वाडीत तीन घरांची छपरं गेली. आमच्या घराचंही, म्हणजे आई-बाबांच्या. रेझो सांगत होता, कुलूप जागेवर आहे, मागची भिंत नाही.

लोक बसायला येतात. अंझोरचा फोटो टेबलावर, समोर मेणबत्ती. त्यातही दात काढतोय.

२५ जानेवारी

मनोरा थोडा वेळ चालू झाला. मुर्झाला फोन लावला. बंद! दहा वेळा लावला. शेवटी निरोप लिहून पाठवला. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही, पण आई असती तर तिने माझ्या तोंडात मारली असती. दाजी गेला आणि याचा फोन बंद. आपल्या रक्ताचं माणूस असं कसं निपजतं!

उद्या बुलडोझर खिंडीच्या पायथ्याशी पोचेल म्हणतात.

२६ जानेवारी

अंझोर आला.

वरच्या वाटेने, बर्फाचे जोडे बांधून, खिंड चढून चालत. दारात उभा राहिला. माझे काळे कपडे बघून म्हणाला, "अगं, कोण गेलं?" मग टेबलावर स्वतःचा फोटो दिसला, मेणबत्ती दिसली. हसायलाच लागला. सासूबाई होत्या तिथे खाली बसल्या.

खिंडीपलीकडे मुखेरला एक बाई बाळंतपणात अडली होती. तिला स्लेजवरून मेस्तियाला ओढत न्यायला माणसं हवी होती, म्हणून हा तिथेच उतरला. गाडी पुढे पाठवली. "पितरांच्या आधी घरात एक तरी पुरुष पोचायला हवा होता ना! फोन कोटातच राहिला, कोट गाडीत. म्हटलं असू दे, पोराच्या अंगात नुसतं शहरी जाकीट आहे. तुझा तो बंद दाराचा निरोप ऐकला आणि नोकरीला लाथ मारून निघाला गं. ताईला आधी सांगू नका म्हणाला, दारात जाऊन उभा राहतो." मग खोलीभर बघून — "आहे कुठे मुर्झा?"

पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून होता.

बसणारच. बहिणीचं सासर ते.